व्हिडिओ एक्सपोर्ट करताना बिटरेट किती ठेवायचा?

एडिट संपतं, एक्सपोर्टची खिडकी उघडते आणि समोर कोडेक, प्रोफाइल, लेव्हल, सीबीआर, व्हीबीआर, पास, कीफ्रेम असं सगळं येऊन उभं राहतं. यातलं बहुतेकांना ओळखीचं एकच वाटतं, बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती बिट खर्च करायचे तो आकडा, मग ग्रुपवर प्रश्न पडतो "किती ठेवू?" आणि कोणीतरी ठोकून देतं, "५० ठेव, बिनधास्त." आता ५० एमबीपीएसने (म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिटने) तासाभराच्या कार्यक्रमाची फाइल होते साधारण साडेबावीस जीबी. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल तो घेतच नाही, जुना टीव्ही अडखळतो, आणि व्हॉट्सअॅपचं तर नावच काढू नका. दुसरा कोणी म्हणतो, "मी कायम ५ ठेवतो, मस्त येतं", आणि त्याचंही खरंच असतं, कारण तो फक्त व्याख्यानं शूट करतो.

दोघंही बरोबर असू शकतात. हे कसं काय, ते कळायला आत काय चालतं ते थोडं बघावं लागेल, घाबरू नका, गणित फार नाहीये.

१०८०पी म्हणजे एका फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांपेक्षा जास्त पिक्सेल. सेकंदाला २५ फ्रेम. डोळ्याला उजेड-अंधारातला फरक जितका बारकाईने दिसतो तितका रंगातला दिसत नाही, त्यामुळे रंगाची माहिती आधीच पाव करून टाकलेली असते (यालाच ४:२:० म्हणतात), तरीसुद्धा काहीच न दाबता ठेवलं तर सेकंदाला ६२२ मेगाबिट होतात, आणि तासाला २८० जीबी. हाच तास तुम्ही ८ एमबीपीएसमध्ये बसवता तेव्हा फाइल होते ३.६ जीबी. म्हणजे सत्तर-ऐंशी भागांतला एक भाग ठेवला आणि बाकी सगळं टाकून दिलं, तरी बघणाऱ्याला कळत नाही. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा प्रोग्राम, त्याचं कामच ते, काय टाकलं तर कळणार नाही हे ओळखायचं.

ते तो दोन बाजूंनी करतो. एक म्हणजे फ्रेमच्या आतल्या आत. चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील गरजेप्रमाणे सोडून द्यायचा. यामागचं गणित म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, आणि त्याचा १९७४ सालचा मूळ पेपर बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांच्या नावावर आहे. जेपीईजी फोटो त्याच्यावरच चालतो आणि एच.२६४ या कोडेकमध्येही (कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबायची पद्धत) त्याचंच सोपं केलेलं रूप आहे. आपल्याकडे हे फारसं कोणाला माहीत नसतं, म्हणून जाता जाता सांगितलं.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. शेजारशेजारच्या फ्रेममध्ये बहुतेक गोष्टी सारख्याच असतात, मग पुन्हा पुन्हा कशाला साठवायच्या? म्हणून अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतात, तिला आय-फ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त "हा तुकडा इथून इतका सरकला" एवढंच लिहितात. पी-फ्रेम मागचं बघून बनते, बी-फ्रेम मागचं-पुढचं दोन्ही बघून. बिटची खरी बचत होते ती इथे.

आणि म्हणूनच सगळं शॉटमध्ये काय आहे त्याच्यावर येऊन थांबतं. कीर्तन चाललंय, कॅमेरा ट्रायपॉडवर, मागे साधा पडदा, बुवांचे हात आणि चेहरा एवढंच हलतंय. इथे एन्कोडरला लिहायला फार काही नसतंच, २-३ एमबीपीएसमध्ये १०८०पी छान दिसतं. आता विसर्जन मिरवणूक घ्या. हवेत गुलाल, कागदाचे कपटे उडतायत, ढोल-ताशा पथकाचे शंभर हात वेगवेगळ्या दिशेने, मागे लखलखणारी एलईडी भिंत, आणि कॅमेरा कोणाच्या तरी खांद्यावर. गुलालाचा कण मागच्या फ्रेममध्ये जिथे होता तिथून "इतका सरकला" असं म्हणताच येत नाही, तो विरतो, मिसळतो, दुसराच कण पुढे येतो. मागच्या फ्रेमचा काही उपयोगच होत नाही, सगळं नव्याने लिहावं लागतं आणि १५ एमबीपीएससुद्धा कमी पडून ठोकळे दिसायला लागतात. पाऊस, धबधबा, झाडाची सळसळणारी पानं, डान्स फ्लोअरवरच्या स्ट्रोब लाइट, हे सगळे त्याच जातीतले. अंधारात काढलेल्या शॉटमधली मुंग्यांसारखी वळवळ, म्हणजे नॉइज, तीसुद्धा. तिला तर एन्कोडर तपशीलच समजतो आणि इमानदारीत साठवत बसतो.

तेव्हा बिटरेट हा क्वालिटीचा आकडा नाहीच. तो खर्चाचा आकडा आहे. क्वालिटी एका जागी धरून ठेवायची आणि खर्च जितका होईल तितका होऊ द्यायचा, असा मोड हवा, आणि तो आहेच. एक्स२६४ आणि एक्स२६५ मध्ये (हे एच.२६४ आणि एच.२६५ च्या फाइल बनवणारे एन्कोडर) त्याला सीआरएफ म्हणतात, हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच स्लायडरचं नाव आरएफ आहे.

पंगतीत वाढपी जिलबी घेऊन फिरतो तेव्हा लहान मुलाच्या पानातही दोन आणि पैलवानाच्या पानातही दोनच असं केलं तर एकाच्या पानात उरते आणि दुसरा उपाशी उठतो. ठरावीक बिटरेट म्हणजे तसं वाढणं, सीआरएफ म्हणजे ज्याची जितकी भूक तितकं वाढणं. शेवटी किती किलो जिलबी लागली ते पंगत उठल्यावरच कळतं, आणि सीआरएफमध्ये पण तसंच, फाइल किती मोठी होणार हे आधी सांगता येत नाही. एवढी एक गोष्ट मान्य केलीत की बाकी सगळं सोपं होतं.

एक्स२६४ मध्ये सीआरएफ ० ते ५१ असतो, आकडा लहान तितकी क्वालिटी चांगली आणि फाइल मोठी. डिफॉल्ट २३. साधारण सहाने आकडा कमी केला की फाइल दुप्पट होते, सहाने वाढवला की निम्मी. १७-१८ च्या आसपास मूळ आणि एन्कोड यातला फरक सहजासहजी दिसत नाही, २८ च्या पुढे गेलात की न शोधताच दिसतो. हँडब्रेकवाले स्वतः जे सुचवतात ते असं: जुन्या ५७६ ओळींच्या व्हिडिओला १८ ते २२, ७२०पीला १९ ते २३, १०८०पीला २० ते २४, आणि ४केला २२ ते २८. रिझोल्यूशन वाढलं की आकडा वाढवला तरी चालतो, कारण ४के मधला एक पिक्सेल स्क्रीनवर इतका बारीक असतो की त्याच्यातली चूक डोळ्याला टोचत नाही. मी स्वतः १०८०पीच्या घरगुती कार्यक्रमाला २० किंवा २१ धरतो, त्याखाली जायची गरज क्वचितच पडते.

एक लक्षात ठेवा, हे आकडे एका एन्कोडरचे दुसऱ्याला लावू नका. एक्स२६५ चं डिफॉल्ट २८ आहे, याचा अर्थ तो वाईट क्वालिटी देतो असा नाही, त्याची मोजपट्टीच वेगळी. ग्राफिक्स कार्डच्या एन्कोडरमध्ये पण "सीक्यू" नावाचा तसाच दिसणारा आकडा असतो, तो तर अजूनच वेगळा.

मग टू-पास कशाला आहे? फाइलची साइझ आधीच ठरलेली असेल तेव्हा. समजा दोन तासांचं नाटक त्या फॅट३२ पेनड्राइव्हवर एकाच फाइलमध्ये बसवायचंय. ४००० एमबी गुणिले ८ म्हणजे ३२००० मेगाबिट, भागिले ७२०० सेकंद, म्हणजे ४.४ एमबीपीएस, त्यातून आवाजासाठी थोडे काढा, उरले ४.२. हा आकडा टाकायचा आणि टू-पास ऑन करायचं. पहिल्या फेरीत एन्कोडर सगळा व्हिडिओ बघून ठेवतो कुठे किती भूक आहे ते, आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो. "टू-पासने क्वालिटी वाढते" असं सर्रास ऐकू येतं, ते एका पासमध्ये बिटरेट ठरवून काढलेल्या फाइलशी तुलना केली तर खरं आहे, पण सीआरएफने आलेली फाइल आणि टू-पासने तेवढ्याच साइझची काढलेली फाइल शेजारी ठेवली तर फरक जवळजवळ नसतो. उगाच दुप्पट वेळ घालवायचा. सीबीआर, म्हणजे सगळीकडे सारखाच बिटरेट, तो लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी ठेवा, फाइल बनवताना त्याचं काही काम नाही.

कोडेक कोणता, यावर लोक तासन्‌तास भांडतात, मी दोन मिनिटांत उरकतो. एच.२६४ हा २००३ चा, एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ हा २०१३ चा, एव्ही१ हा २०१८ चा. नवा कोडेक कमी बिटमध्ये तेवढीच क्वालिटी देतो आणि एन्कोड करायला जास्त वेळ खातो. दुसऱ्या कोणाला फाइल द्यायची असेल, त्यांच्याकडे कुठला टीव्ही आणि कुठला फोन आहे माहीत नसेल, तर डोळे मिटून एच.२६४, हाय प्रोफाइल, ८-बिट, एमपी४. सगळीकडे चालतं. स्वतःच्या हार्डडिस्कवर ठेवायचं असेल, ४के असेल, तर एचईव्हीसी १०-बिट चांगला. कागदावर तो एच.२६४ च्या निम्म्या बिटरेटमध्ये तेवढंच देतो म्हणतात, १०८०पीला प्रत्यक्षात तेवढी बचत होतेच असं नाही, ४केला मात्र जाणवते. एव्ही१ यूट्यूबसारख्यांच्या कामाचा, घरच्या टीव्हीचं वय बघून ठरवा. आणि एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे कोडेक नव्हेत, आतला व्हिडिओ आणि आवाज एकत्र बांधून ठेवणारी नुसती बांधणी आहे, "एमपी४ची क्वालिटी चांगली की एमकेव्हीची" या प्रश्नाला अर्थच नाही.

अॅपलवाल्यांसाठी एक छोटी गोष्ट. एमपी४ मधल्या एचईव्हीसीवर "एचव्हीसी१" असा टॅग लागतो किंवा "एचईव्ही१" असा. दुसरा असेल तर क्विकटाइममध्ये फाइल उघडत नाही आणि माणूस समजतो फाइलच खराब झाली. टॅग बदलून पुन्हा बांधली की चालते, एन्कोड करायची गरज नाही.

आता प्रीसेट. अल्ट्राफास्टपासून व्हेरीस्लोपर्यंत जी यादी दिसते ती एन्कोडरला विचार करायला किती वेळ देताय याची. अल्ट्राफास्टमध्ये एक्स२६४ बी-फ्रेम बंद करतो, मागच्या एकाच फ्रेमकडे बघतो, ठोकळ्यांच्या कडा गुळगुळीत करणारा फिल्टरही बंद, काम पटकन होतं पण त्याच सीआरएफला फाइल फुगते. मीडियम ते स्लो ही ठीक जागा. व्हेरीस्लोने वेळ खूप वाढतो आणि हाताला फार थोडं लागतं. त्याच्याही पुढे प्लासिबो नावाचं एक आहे, नाव ठेवणाऱ्यानेच सगळं सांगून ठेवलंय, त्याच्या नादाला लागू नका.

ग्राफिक्स कार्डचे एन्कोडर, म्हणजे एन्व्हिडियाचा एनव्हीएन्क, इंटेलचा क्विक सिंक, अॅपलचा व्हिडिओटूलबॉक्स, हे सुसाट असतात आणि नव्या कार्डांवर चांगलेही झालेत. पण तेवढ्याच साइझच्या फाइलमध्ये एक्स२६४ किंवा एक्स२६५ चा स्लो प्रीसेट बहुतेक वेळा जास्त स्वच्छ निघतो. क्लायंटला उद्या सकाळी बघायला द्यायचंय, तर कार्ड वापरा, जरा आकडा चांगला ठेवा आणि मोकळे व्हा. पुढची वीस वर्षं कपाटात राहणारी फाइल असेल तर प्रोसेसरला रात्रभर चालू द्या.

प्रीसेटच्या शेजारी "ट्यून" असतं. साध्या शूटिंगला फिल्म किंवा काहीच नाही, कार्टूनला अॅनिमेशन, आणि जुन्या फिल्मचा दाणा जपायचा असेल तर ग्रेन, फक्त ग्रेन लावलं की फाइल भसकन मोठी होते हे धरून चाला.

फ्रेमरेटच्या बाबतीत नियम एकच, सोर्सला जो आहे तोच ठेवा. २५ चं ३० केलं की दर सेकंदाला पाच फ्रेम डबल होतात आणि कॅमेरा फिरवलेल्या शॉटमध्ये झटके बसतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे कार्यालयातल्या ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा २५ किंवा ५० वर आणि शटर १/५० वर असेल तर ते दिसत नाही, ३० फ्रेम आणि १/६० वर असेल तर चित्रात उजेडाच्या पट्ट्या सरकताना दिसतात. आणि त्याचा संबंध एन्कोडिंगशी असा की उजेडच दर फ्रेमला बदलत असेल तर "मागच्यासारखंच आहे" असं एन्कोडरला म्हणता येत नाही, म्हणजे शूटिंगच्या वेळची चूक शेवटी फाइलच्या साइझमध्ये पण येऊन बसते. फोनची अजून एक गंमत, बरेच फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाहीत, उजेड कमी झाला की स्वतःच कमी करतात. असा व्हिडिओ काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाकला की अर्ध्या तासाने ओठ आणि आवाज जुळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे एडिटला घेण्याआधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेमरेट निवडून, आरएफ १६-१७ ठेवून एक कॉपी काढायची आणि तीच एडिटला घ्यायची.

आता जुन्या कॅसेटबद्दल बोलायलाच हवं, कारण घरोघरी कपाटाच्या वरच्या खणात आई-बाबांच्या लग्नाची व्हीएचएस नाहीतर ताईच्या लग्नाची मिनी-डीव्ही पडलेली आहे, आणि ती डिजिटल करून आणली की हमखास खराब दिसते. दोष दरवेळी कॅसेटचा नसतो.

आपल्याकडच्या या कॅसेट पाल पद्धतीच्या. ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची: आधी एकाआड एक ओळी, मग सेकंदाच्या एक पन्नासांशाने उरलेल्या ओळी. याला इंटरलेस्ड म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे झकास दिसायचं. आजच्या पॅनेलवर दोन्ही अर्धे एकदम दिसतात आणि मधल्या वेळात नवरीचा हात हलला असेल तर हाताच्या कडेला आडव्या रेषाच रेषा. हे तसंच्या तसं एच.२६४ मध्ये टाकलं की एन्कोडर त्या रेषांनाच तपशील समजून त्यावर बिट उधळतो. आणि त्याहून वाईट म्हणजे आधी रिझोल्यूशन वाढवून १०८०पी करणं, मग त्या रेषा चित्रात मिसळून जातात आणि नंतर कुठलाच फिल्टर त्यांना बाहेर काढू शकत नाही. तेव्हा क्रम पक्का: आधी डीइंटरलेस, म्हणजे त्या अर्ध्या भागांतून पूर्ण फ्रेम बनवणं, मग बाकी सगळं.

हँडब्रेकमध्ये फिल्टरच्या टॅबमध्ये यादिफ, डीकोम्ब, बीडब्ल्यूडिफ असे पर्याय आहेत. त्यात बीडब्ल्यूडिफ घ्या आणि त्याचा बॉब पर्याय निवडा. साध्या डीइंटरलेसने सेकंदाला २५ फ्रेम निघतात आणि अर्धी हालचाल फुकट जाते, बॉबने ५० निघतात, वरातीतला नाच टीव्हीवर जसा सलग दिसायचा तसा दिसतो. शेवटी फाइलचा फ्रेमरेट ५० आलाय का ते तेवढं तपासा. चित्र पुढे-मागे थरथरतंय असं दिसलं तर समजा अर्ध्या भागांचा क्रम उलटा धरला गेलाय, डीव्हीमध्ये खालच्या ओळी आधी येतात आणि डीव्हीडीत बहुधा वरच्या, सॉफ्टवेअर कधीकधी गोंधळतं.

माणसं थोडी उंच आणि बारीक दिसत असतील तर पिक्सेलचा आकार कुठेतरी हरवलाय. ७२० गुणिले ५७६ हे चित्र चौकोनी पिक्सेलवर दाखवायचं असेल तर ४:३ साठी ७६८ गुणिले ५७६ व्हायला हवं. याच्या उलट, ते ताणून १६:९ ची अख्खी स्क्रीन भरायचा हट्ट काही जण करतात, मग सगळं वऱ्हाड जाडं होतं. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, काही बिघडत नाही.

व्हीएचएसच्या अगदी खालच्या काही ओळींत फाटल्यासारखी वळवळ असते, जुन्या टीव्हीच्या चौकटीमागे ती लपायची, ती क्रॉप करून टाका, दर फ्रेमला बदलणारा तो पट्टा विनाकारण बिट खातो. नॉइजही भरपूर असतो, हलका डीनॉइज लावला तर फाइल चांगलीच कमी होते. हलका म्हणजे खरंच हलका, जास्त लावला की चेहरे मेणाचे होतात आणि पैठणीच्या काठावरचे मोर गायब. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने तपशीलच मुळात २४० रेषांच्या आसपास असतो, तो कुठल्याही सेटिंगने वाढणार नाही, जेवढा आहे तेवढा टिकवा. आरएफ १८ ठेवा, चित्रच लहान असल्यामुळे फाइल तरीही आटोक्यात राहते.

मिनी-डीव्हीची गोष्ट वेगळी, ती मुळातच डिजिटल आहे, २५ एमबीपीएस. कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने काढली तर टेपवरचे आकडे जसेच्या तसे कॉम्प्युटरवर येतात, तासाला साधारण १३ जीबी. दुकानदाराने तुम्हाला थेट डीव्हीडी करून दिली तर तो त्या आकड्यांचं पुन्हा कॉम्प्रेशन करून देतोय. त्याला सांगा मूळ डीव्ही फाइल द्या, हार्डडिस्क माझी घ्या. ती फाइल जपून ठेवायची आणि बघायची कॉपी वेगळी काढायची.

यूट्यूबवर टाकणार असाल तर इथे एक उलटं वाटणारं काम करावं लागतं. यूट्यूब ७२०पीच्या खाली ५० फ्रेम दाखवत नाही. त्यामुळे बॉब करून मिळवलेली सलग हालचाल टिकवायची तर डीइंटरलेस झाल्यावर चित्र मोठं करूनच चढवायचं, तपशील वाढेल म्हणून नव्हे, फ्रेम टिकाव्यात म्हणून.

यूट्यूबचंच निघालंय तर, तुम्ही काहीही चढवा, ते पुन्हा एन्कोड करणारच. त्यांनी अपलोडसाठी सुचवलेले आकडे असे: १०८०पीला २५-३० फ्रेमसाठी ८ एमबीपीएस आणि ५०-६० फ्रेमसाठी १२, ४केला अनुक्रमे ३५ ते ४५ आणि ५३ ते ६८. मिरवणुकीसारख्या व्हिडिओला हे आकडे अपुरेच समजा आणि नेटचा वेग परवडत असेल तर दुप्पट द्या, त्यांच्या एन्कोडरला जितका स्वच्छ माल मिळेल तितकं पुढे बरं. १०८०पीचा व्हिडिओ १४४०पी करून चढवायची युक्ती बरेच जण वापरतात, मोठ्या रिझोल्यूशनला तिथे जास्त बिट मिळतात, आणि गुलालाच्या शॉटवर फरक दिसतो. व्हॉट्सअॅपला मात्र काही इलाज नाही, व्हिडिओ म्हणून पाठवला की ते चिरडणारच, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

आवाजाला फार वेळ देत नाही. एएसी, ४८ किलोहर्ट्झ, १६० ते १९२ केबीपीएस, गाण्याची मैफल असेल तर २५६. सोर्समध्ये आधीच एएसी असेल तर पासथ्रू निवडा, म्हणजे आवाज जसा आहे तसा उचलला जातो.

रंगावर थोडं. संध्याकाळचं आकाश किंवा स्टेजवरच्या धुरातून येणारा निळा लाइट, अशा ठिकाणी पट्टे पडलेले दिसतात कारण ८-बिटमध्ये एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. १०-बिटमध्ये १०२४. एचईव्हीसीला १०-बिट सरळ वापरा, सोर्स ८-बिट असला तरी पट्टे थोडे कमी होतात. एच.२६४ चं १०-बिट मात्र टाळा, बहुतेक टीव्ही आणि फोन ते नीट चालवत नाहीत. एक्सपोर्टनंतर सगळं पांढुरकं, विटल्यासारखं दिसत असेल तर बिटरेट वाढवून काही होणार नाही, रेंजचा घोळ आहे, व्हिडिओमध्ये काळा १६ आणि पांढरा २३५ धरतात, कोणीतरी मध्येच ० आणि २५५ धरून मोकळा झालाय. नाहीतर फोनने एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराची जास्त मोठी रेंज पकडणाऱ्या मोडमध्ये) शूट केलंय आणि तुम्ही ते साध्या टाइमलाइनवर टाकलंय.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट म्हणजे किती वेळा एन्कोड करताय. दर वेळी काहीतरी जातंच आणि गेलेलं परत येत नाही, ५ एमबीपीएसची फाइल घेऊन ५० ला एक्सपोर्ट केली तर ठोकळे तसेच राहतात, फक्त दहापट जागा घेतात. नुसता सुरुवातीचा आणि शेवटचा भाग कापायचा असेल तर एन्कोड करूच नका, लॉसलेसकटसारखं फुकट टूल आहे, ते कीफ्रेमवर (म्हणजे त्या पूर्ण आय-फ्रेमवर) कापून बाकीचं जसंच्या तसं उचलतं. हँडब्रेकला ते जमत नाही, तो नेहमीच पुन्हा एन्कोड करतो. एडिटिंग सॉफ्टवेअरमधून आधी एक जड मास्टर काढायचा, प्रोरेस ४२२ नाहीतर डीएनएक्सएचआर (हे एडिटिंगसाठीचे, कमी दाबणारे कोडेक), १०८०पी २५ ला प्रोरेस ४२२ साधारण १२२ एमबीपीएस जातो म्हणजे तासाला ५५ जीबी, आणि मग त्या मास्टरमधून टीव्हीसाठी, यूट्यूबसाठी, पेनड्राइव्हसाठी हव्या त्या कॉप्या काढायच्या. जागा नसेल तर एक्स२६४ ने सीआरएफ १४-१५ वर काढलेली फाइल पण मास्टर म्हणून चालून जाते, शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या.

नेटफ्लिक्सने पण २०१५ मध्ये हेच मान्य केलं की सगळ्या सिरीजला एकच बिटरेटची शिडी लावणं बरोबर नाही, कार्टूनला कमी पुरतं आणि मारामारीला जास्त लागतं, आणि तेव्हापासून प्रत्येकाला वेगळे आकडे काढायला लागले. २०१६ मध्ये त्यांनी व्हीएमएएफ नावाचं क्वालिटी मोजायचं माप सगळ्यांना खुलं केलं. घरी त्याची गरज नाही, डोळे पुरतात, फक्त नीट तपासायला हवं. आपल्या व्हिडिओतला सगळ्यात अवघड एक मिनिट शोधा, टायटल किंवा सत्कार नाही, जिथे अक्षता पडतायत, फुलं उधळतायत, फटाके उडतायत, असा. हँडब्रेकमध्ये सुरुवात आणि शेवट देऊन तेवढाच तुकडा एन्कोड करता येतो. तो आरएफ १८, २०, २२, २४ असा चार वेळा काढा आणि जिथे खरंच बघणार आहात त्या टीव्हीवर, सोफ्यावर बसून, चारही चालवा. पॉज करून बघू नका, पॉज केलं की सगळंच वाईट दिसतं. नजर ठेवायची ती अंधाऱ्या कोपऱ्यांवर, गालांवर, शालूच्या जरीवर आणि झेंडूच्या हारांवर, सगळ्यात आधी तिथेच चित्र फुटतं. ज्या आकड्याला पहिल्यांदा काहीतरी खटकलं त्याच्या आधीचा आकडा घ्या, प्रीसेट स्लो करा, फाइल नेटवर जाणार असेल तर वेब ऑप्टिमाइज्डवर टिक करा म्हणजे पूर्ण डाउनलोड व्हायच्या आधीच ती चालू होते, आणि लावून द्या.